इंटरनेट कॅफे आणि मुक्त परिचालन-प्रणाली : नरडाण्यासारख्या मार्गस्थ गावांच्या संदर्भात एक विवेचन

१

दळणवळणाच्या साधनांनी गावाचे रूप कसे पालटते, याचे धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे चांगले उदाहरण होय. शिंदखेडा तालुक्यातील हे गाव भुसावळ–सुरत लोहमार्गावरील स्थानक असून मुंबई–आग्रा महामार्गही त्याच्या लगत जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र तेथे वसल्यामुळे शेती, वाहतूक आणि कारखानदारी या तिन्ही व्यवसायांतील माणसांचा राबता तेथे असतो. अशा मार्गस्थ गावांच्या बाजारपेठेत नवी साधने क्रमाक्रमाने येतात : प्रथम टपाल व तार, नंतर एस.टी.डी.चे दूरध्वनी-केंद्र, त्यानंतर झेरॉक्सचे यंत्र आणि शेवटी तासाच्या भाड्याने वापरावयास मिळणारा संगणक, म्हणजेच इंटरनेट कॅफे. खानदेशातील लहानमोठ्या गावांत हा शेवटचा टप्पा एका पिढीच्या आतच आला आणि बहुतांशी मागेही पडला. त्याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी करावयास हवा, इतके अंतर आता पडले आहे.

भारतात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले आणि त्यानंतरच कॅफेचा प्रसार महानगरांबाहेर वेगाने झाला. याच काळात लिनक्स ही विनामूल्य व मुक्त परिचालन-प्रणाली, म्हणजे संगणकाची मूळ ऑपरेटिंग सिस्टिम, देशात उपलब्ध होती. ती कायदेशीर होती, तिची प्रत मिळवणे कठीण नव्हते आणि अल्प भांडवलाच्या दुकानदारास ती सोयीची ठरावयास हवी होती. तरीही महाराष्ट्रातील कॅफेंत विंडोज हीच प्रणाली सर्वसाधारणपणे नांदली. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाच्या उलगड्यासाठी मुक्त प्रणालीचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणक-प्रणाली वापरणे, तिचा अभ्यास करणे, तीत बदल करणे आणि तिच्या प्रती वाटणे, ही चार स्वातंत्र्ये या विचाराच्या मुळाशी आहेत. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. ग्नूची साधने व हा गाभा मिळून संपूर्ण प्रणाली तयार झाली. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ व्यक्त होत असल्यामुळे तेथे पुष्कळ घोटाळा झाला. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि पुढील सर्व विवेचन या दोहोंतील भेदावर आधारलेले आहे.

भारतात या प्रणालीचा प्रसार मुख्यतः नियतकालिके व स्वयंसेवी मंडळे यांच्याद्वारा झाला. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९६ पासून आपल्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली. २००१ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतीय शाखा स्थापन झाली. उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती २००४ मध्ये निघाली आणि तिच्या प्रवर्तकांनी २०११ पर्यंत, मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी पाठविण्याची योजना चालविली. टपाल जेथे पोचते तेथे ही प्रणालीही पोचू शकत होती, याचा अर्थ नरडाण्यासारख्या गावी ती अप्राप्य नव्हती.

३

कायद्याच्या दृष्टीने पाहता कॅफेचालकाची स्थिती मोठी चमत्कारिक होती. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब घालण्यात आले. संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणारास किमान सात दिवस व कमाल तीन वर्षे कारावास, आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा या कलमात सांगितली आहे. वापर व्यवसायासाठी किंवा लाभासाठी नसेल तर न्यायालयास कारावास न देण्याची मुभा आहे. परंतु कॅफे हा उघडच व्यवसाय असल्याने ही सवलत त्याला लागू पडत नव्हती.

याहूनही महत्त्वाची गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण परवान्यात विंडोज भाड्याने देण्याचा अधिकार अंतर्भूत नव्हता. कॅफेंसारख्या व्यवसायांसाठी भाडे-हक्काचा निराळा परवाना त्या कंपनीने २०१० च्या आरंभी उपलब्ध केला. म्हणजे त्यापूर्वीच्या दशकात ज्या दुकानदाराने पूर्ण किंमत मोजून अस्सल प्रत घेतली, तोही संगणक तासाने भाड्यास देताच परवान्याच्या अटींबाहेर जात होता. मुक्त प्रणालीच्या परवान्यात असा निर्बंध मुळातच नव्हता. कॅफेचा धंदा ज्या एका प्रणालीवर निःशंकपणे करता आला असता ती हीच होती, आणि नेमकी तीच बाजूला राहिली.

४

याची कारणे शोधताना किंमत हे कारण प्रथम वगळले पाहिजे. नकली प्रतही जवळजवळ फुकटच मिळत असल्यामुळे मुक्त प्रणालीचा विनामूल्यपणा हा दुकानदाराच्या दृष्टीने विशेष लाभ ठरत नव्हता. ‘फुकट’ या गुणावर भर देऊन तिचा प्रचार झाला, तेथे तो निष्प्रभ ठरणे स्वाभाविक होते. मग अडचणी कोणत्या होत्या?

पहिली अडचण यंत्राची. दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या काळात संगणकात जे स्वस्त अंतर्गत मोडेम बसवीत, त्यांपैकी पुष्कळांचे निम्मे काम विंडोजमधील प्रणालीच करीत असे. लिनक्सवर ते चालविणे दुष्कर होते. जोडणीच झाली नाही तर कॅफे चालणार कसा? भारत संचार निगमाने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केल्यावर स्वतंत्र मोडेम व जाळ्याची साधी तार यांमुळे ही अडचण दूर झाली. परंतु तोवर दुकानदारांच्या व दुरुस्ती करणारांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या.

दुसरी अडचण लिपीची. कॅफेचे उत्पन्न केवळ इंटरनेटवर अवलंबून नसे. अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची पत्रे यांचे मराठी टंकन हा त्याचा मोठा आधार होता. हे काम श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या विंडोजवरील साधनांनी होत असे आणि प्रत्येकाची अक्षरसंकेत-पद्धती निराळी असे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी ती पडद्यावर नीट उमटावी यासाठी फार श्रम पडले. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील रफार नव्हे असा अर्धा ‘र’ ही खास मराठीची गरज असून, हिंदीसाठी केलेल्या टंकांत तिची उपेक्षा होण्याचा संभव होता. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले ‘लोहित’ टंक आणि स्वयंसेवकांनी केलेली भाषांतरे यांमुळे मुक्त प्रणालीत मराठीची सोय होत गेली. पण टंकन-व्यवसाय जुन्या टंकांनाच बांधलेला राहिला.

तिसरी अडचण शिक्षणाची. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला, आणि शासकीय सेवेसाठी संगणक-अर्हता म्हणून त्याला मान्यता मिळाली. या अभ्यासक्रमाने ग्रामीण महाराष्ट्रास संगणकाची ओळख करून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि ती ओळख विंडोज व ऑफिस यांच्याद्वारा झाली. वर्गात एक प्रणाली शिकलेला विद्यार्थी कॅफेत दुसरी पाहून गोंधळणार, हे दुकानदारास पुरते कळत होते. त्यात अनेक शासकीय संकेतस्थळे त्या काळी इंटरनेट एक्स्प्लोरर या एकाच न्याहाळकावर चालतील अशी रचलेली होती. अशा स्थितीत अर्ज भरून देण्यावर पोट असलेल्या माणसाने निराळा मार्ग कशाच्या बळावर धरावा? राज्यसंस्थेचा कायदा त्याला एकीकडे ढकलीत होता आणि तिचा व्यवहार दुसरीकडे.

५

अन्यत्र काय घडले ते पाहिल्यास हे निदान अधिक स्पष्ट होते. ब्राझीलमधील साओ पाउलो नगरपालिकेने २००१ पासून गरीब वस्त्यांत सार्वजनिक संगणक-केंद्रे काढली, आणि ती मुक्त प्रणालीवर चालविली. केरळात २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने पुढील काही वर्षांत शालेय संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आणले. दोन्ही ठिकाणी सार्वजनिक संस्थांनी शिक्षण व साह्य यांचा भार उचलला. उलटपक्षी, चीनमधील नानचांग शहरात २००८ च्या अखेरीस कॅफेंनी रेड फ्लॅग लिनक्स घ्यावे असा आदेश निघाल्याचे वृत्त आले, तेव्हा पाळत ठेवण्यासाठी हे चालले असावे असा संशय व्यक्त झाला. मुक्त प्रणालीही सक्तीने लादली की तिच्यातील मुक्तता संशयास्पद होते, हा त्या प्रकरणाचा बोध होय.

आपल्याकडे कॅफेविषयी शासनाने जो विचार केला तो मुख्यत्वे नियंत्रणाचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये अल्पवयीन मुलांच्या संरक्षणासाठी एक समिती नेमली. ११ एप्रिल २०११ च्या केंद्रीय नियमांनी ग्राहकाची ओळख पटविणे, नोंदी एक वर्ष जपणे आणि आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसणे, अशी बंधने घातली. कोण बसला आणि काय पाहिले याची चिंता झाली. तो कोणत्या साधनावर बसला आणि त्या साधनावर त्याचा अधिकार काय, हा प्रश्न नियमांच्या कक्षेत आला नाही.

६

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले, आणि तासाच्या भाड्याने संगणक घेण्याची गरज झपाट्याने ओसरली. उरलेली दुकाने आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज अशा कामांकडे वळली. येथे इतिहासाचा एक विपर्यास नोंदविण्याजोगा आहे. त्या भ्रमणध्वनींपैकी बहुसंख्य अँड्रॉइड प्रणालीवर चालतात आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. जी प्रणाली कॅफेच्या टेबलावर स्थिरावली नाही, ती शेतकऱ्याच्या व हमालाच्या खिशात जाऊन बसली. परंतु गाभा आला म्हणून चारही स्वातंत्र्ये आली असे म्हणता येत नाही. त्या गाभ्याभोवतीच्या सेवा व दुकाने बंदिस्त आहेत, आणि सामान्य धारकास आपल्या यंत्रातील प्रणाली बदलण्याचा मार्ग बहुधा मोकळा नसतो. ‘फुकट’ पोचले, ‘मुक्त’ वाटेत राहिले.

तात्पर्य, खानदेशातील कॅफेचालकाने मुक्त प्रणाली स्वीकारली नाही याचा दोष त्याच्या अज्ञानावर किंवा अप्रामाणिकपणावर टाकणे अन्यायाचे होईल. यंत्र, लिपी, शिक्षण आणि शासनव्यवहार या चार गोष्टी ज्या दिशेने वळल्या होत्या, त्या दिशेनेच तो गेला. साधनाचा प्रसार त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा त्याच्या भोवतालच्या संस्थांवर अधिक अवलंबून असतो, हा सिद्धांत लोहमार्ग व तारायंत्र यांच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास येतो. संगणकही त्यास अपवाद नाही. आज शाळा, ग्रामपंचायती व विद्यापीठे आपापल्या कामासाठी नव्या प्रणाली निवडीत आहेत. त्या निवडीबरोबर उद्याच्या नागरिकाचे साधनावरील स्वामित्वही निश्चित होत असते, एवढे भान या लहानशा इतिहासातून आले तरी त्याचा अभ्यास सार्थकी लागेल.