आदिलाबादची बस आणि अर्ध्या दिवसाचे हैदराबाद

आदिलाबाद ते हैदराबाद हे अंतर सडकेने सुमारे 300 किलोमीटर. गुडीहत्नूर, इच्छोडा, नेरेडिगोंडा करत गाडी निर्मळचा घाट उतरते, सोनच्या पुलावरून गोदावरी ओलांडते आणि आर्मूर, कामारेड्डी, मेडचल मागे टाकत सिकंदराबादेत शिरते. आगगाडीची वाट मात्र उलटीकडून आहे. आदिलाबादची गाडी आधी पश्चिमेला किनवट गाठते, तिथून मुदखेडला जाते आणि मग मनमाड–सिकंदराबाद मार्गावर वळून बासर, निजामाबादकडे पुन्हा खाली येते. त्यामुळे जिल्ह्याला रेल्वे असली तरी राजधानीला जायचे ते बसनेच, अशी रीत पडली. रात्रीची बस पहाटे पोहोचवते. दवाखाना, कचेरी, कोर्ट किंवा परीक्षा असे जे काही काम असेल ते एका वेळेत आटोपते आणि परतीच्या रात्रीच्या गाडीपर्यंत अर्धा दिवस हातात उरतो. शहर दाखवणाऱ्या बसची फेरी नेमकी याच उरलेल्या वेळात बसते.

या बसचा इतिहास पर्यटनखात्यापासून सुरू होत नाही, रेल्वेपासून होतो. निजामच्या राज्यातील रेल्वे एका कंपनीच्या ताब्यात होती. ती 1930 मध्ये सरकारने घेतली आणि जून 1932 मध्ये त्याच रेल्वेच्या हाताखाली रस्ता वाहतुकीचे खाते उघडले. सुरुवातीला 27 बस आणि 166 नोकर होते. मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस 15 जुलै 1926 रोजी धावली होती, म्हणजे हैदराबाद सहाच वर्षे मागे होते. फरक असा की मुंबईची बस शहरापुरती होती, तर निजामची बस खेड्यापाड्यांना शहराशी बांधण्यासाठी होती. लांबच्या सडकांवर खासगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवू लागल्या होत्या, तेव्हा रेल्वेनेच मोटारी चालवाव्यात असा साधा हिशेब त्यामागे होता. सरकारने स्वतः उतारू-बस चालवण्याचे हिंदुस्थानातील हे अगदी आरंभीचे उदाहरण. पुढे याच रेल्वेने विमानेही चालवली. रूळ, सडक आणि आकाश एकाच कारभारात, हा प्रकार तेव्हा दुर्मीळच होता.

आरंभीच्या गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. त्यांतली 19 आसनांची एक गाडी ‘डेक्कन क्वीन’ या नावाने जपून ठेवलेली आहे. मराठी वाचकाला हे नाव ऐकून पुण्याची आगगाडी आठवणार. ती दोनच वर्षे आधी, 1930 मध्ये सुरू झाली होती. हैदराबादेत गौळीगुड्यात बससाठी जे छप्पर मिळाले तेही मूळचे बसचे नव्हते. विमाने ठेवण्यासाठी अमेरिकेत बनवलेला तो कमानदार पत्र्याचा सांगाडा होता. आदिलाबादहून आलेल्या उतारूंच्या किती पिढ्यांनी हैदराबादचे पहिले दर्शन या पत्र्याखाली घेतले असेल! 1994 मध्ये मुसी नदीच्या पात्रालगत महात्मा गांधी बस स्थानक सुरू झाले आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या. जुने छप्पर मात्र शहर गाड्यांसाठी उभे होते. 5 जुलै 2018 रोजी ते कोसळले. सरकारी बसच्या नंबरपाटीवर ‘झेड’ अक्षर का असते, याची एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. सातव्या निजामाने आपली आई जहरा बेगम हिच्या स्मरणार्थ ते घालायला लावले, असे म्हणतात. कागदोपत्री पुरावा कोणी विचारत नाही, वाहक मात्र ती गोष्ट ठामपणे सांगतात.

1 नोव्हेंबर 1951 रोजी हे खाते रेल्वेपासून वेगळे होऊन हैदराबाद राज्य सरकारकडे आले. पाच वर्षांनी भाषावार प्रांतरचना झाली आणि आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे पडले. किनवट आणि राजुरा हे मराठीबहुल भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बाकी जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. पैनगंगेच्या या तीरावरच्या मराठी घरांची सोयरीक नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडे आणि सरकारी काम हैदराबादकडे, अशी विभागणी तेव्हापासूनची आहे. बाजाराला नागपूरही जवळ. पण दाखला, अपील, बदली यांसाठी हैदराबादला पर्याय नव्हता. बसखात्याचीही अशीच वाटणी झाली. मराठवाड्यातल्या गाड्या वेगळ्या काढल्या गेल्या आणि 1961 मध्ये महाराष्ट्राच्या एसटीत मिसळल्या. आदिलाबादच्या गाड्या 1958 मध्ये स्थापन झालेल्या आंध्र प्रदेशाच्या महामंडळाकडे राहिल्या आणि राज्य विभागल्यावर तेलंगणाकडे आल्या. निजामच्या एकाच गराजातून निघालेल्या गाड्या आज पैनगंगेच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या रंगांत धावतात.

मार्गदर्शकासह फिरवणाऱ्या बसचा प्रघात निजामाच्या बसखात्याच्या आधीचा आहे. जपानमध्ये बेप्पू येथे उष्ण झऱ्यांच्या फेरीत 1928 पासून मुली बसमध्ये उभ्या राहून माहिती सांगत असत. युद्धात होरपळलेल्या टोकियोत हातो बस कंपनीने 1949 मध्ये अर्ध्या दिवसाची फेरी चालू केली. राजवाडा, उएनो, असाकुसा असा तिचा मार्ग होता. अर्धा दिवस हे माप सहज ठरलेले नाही. गाडी आणि चालक दोन फेऱ्यांना वापरता येतात, उतारूला जेवणाची सोय द्यावी लागत नाही आणि चौथ्या वाड्यानंतर माणसाचे लक्षही उडते. हैदराबादेत हे काम आंध्र प्रदेशाच्या प्रवास व पर्यटन महामंडळाने हाती घेतले. ते 1976 मध्ये स्थापन झाले होते.

मार्ग जवळजवळ ठरलेला आहे, आणि त्याचे कारण शहराच्या घडणीत आहे. मुसीच्या दक्षिणेस जुने शहर, पश्चिमेस गोवळकोंडा, उत्तरेस हुसेनसागर अशी तीन टोके. अर्ध्या दिवसात तिन्ही नीट पाहून होत नाहीत, म्हणून फेरीत सहसा जुने शहर पहिले येते. चारमिनार 1591 चा, हिजरी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या तोंडावर मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधलेला. नवे शहर चार दिशांना चार रस्ते काढून आखले गेले आणि त्यांच्या छेदावर ही वास्तू उभी राहिली. शहर आधी आखून मग वसवणे हे दख्खनेत त्या काळी सर्रास होत नसे. आराखड्याचे श्रेय पेशवा मीर मोमिन अस्तराबादी याला देतात. आता मोठ्या बसला चारमिनारच्या पायथ्याशी जाता येत नाही. आसपासचा भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखला आहे, त्यामुळे गाडी लांब थांबते आणि मंडळी पत्थरगट्टीतून चालत जातात. एका परीने हे बरेच झाले, कारण पत्थरगट्टीच्या दगडी कमानी बसच्या खिडकीतून कधी दिसल्याच नसत्या. शेजारची मक्का मशीद कुतुबशाहीत 1617 मध्ये सुरू झाली आणि 1694 मध्ये औरंगजेबाच्या काळात पूर्ण झाली. मधल्या 77 वर्षांत राज्यच बदलले. चौमहल्ला राजवाडा अठराव्या शतकाच्या मध्यावर सुरू होऊन एकोणिसाव्यात पुरा झाला.

मार्गदर्शक ज्या गोष्टी तपशिलाने सांगतो त्यांतल्या पुष्कळशा गोवळकोंड्याच्या असतात. प्रवेशाजवळच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारात ऐकू येते, हा प्रयोग कधी चुकत नाही. उतारूंपैकी निम्म्यांना किल्ल्यातले तेवढेच लक्षात राहते. अबुल हसन तानाशहाचे दिवाण अक्कण्णा-मादण्णा, तुरुंगात पडलेला भद्राचलम्‌चा रामदास, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर 1687 मध्ये फितुरीने उघडलेला दरवाजा, असा कथाक्रम असतो. मराठी उतारूसाठी महत्त्वाची घटना मात्र त्यात बहुधा ओझरतीच येते. 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज भागानगरात येऊन तानाशहाला भेटले होते. सभासद बखरीत या स्वागताचे वर्णन आहे. जुन्या मराठी कागदांत हैदराबादचे नाव ‘भागानगर’ असेच येते, आणि मराठी माणसाच्या लेखी हे शहर पर्यटनस्थळ होण्याच्या कितीतरी आधी तहाचे, चौथाईचे आणि वकिलातीचे शहर होते.

सालारजंग संग्रहालयात पुष्कळ वेळ जातो आणि तरी कमीच पडतो. 16 डिसेंबर 1951 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ते दिवाण देवडीत उघडले आणि 1968 मध्ये मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आले. बेन्झोनीची पदर ओढलेली रिबेका, एका लाकडात पुढे मेफिस्टोफिलिस आणि मागे मार्गारेटा कोरलेला पुतळा आणि ठोक्याला छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवणारे घड्याळ, या तीन वस्तूंवर अर्ध्या दिवसाची फेरी भागवते. बाराच्या ठोक्याला घड्याळासमोर सर्वांत जास्त गर्दी असते. शुक्रवारी संग्रहालय बंद. चौमहल्ला आणि कुतुबशाही मकबरेही त्याच दिवशी बंद असतात. लांबून येणाऱ्याने वार पाहूनच निघावे.

बसमधून जे दिसते आणि ज्याबद्दल फार थोडे बोलले जाते असा भाग मुसीच्या काठावर आहे. 28 सप्टेंबर 1908 च्या पुरात हजारो माणसे दगावली, वस्त्या वाहून गेल्या. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले चिंचेचे झाड अजून उभे आहे. त्यावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले. त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) हे जलाशय झाले. 1912 मध्ये नेमलेल्या शहर सुधारणा मंडळाने रस्ते रुंद केले, पत्थरगट्टीच्या कमानी उभारल्या. नदीकाठची उच्च न्यायालयाची आणि रुग्णालयाची इमारत व्हिन्सेंट एश या वास्तुकाराने आखली. आज ज्या रस्त्यांवरून बस वळते, त्यांतले कित्येक त्या पुराने मोकळे करून दिलेले आहेत. पूर झाला नसता तर गौळीगुड्यापासून चारमिनारपर्यंत एवढी मोठी गाडी गेलीच नसती, असे म्हणायला हरकत नाही.

फेरीत न येणारा मराठी भागही इथेच लागून आहे. सुलतान बाजार, जांबाग, गौळीगुडा हा एके काळी मराठी वस्तीचा पट्टा. निजामी अमलात सरकारी शिक्षण उर्दूतून होते, 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. अशा वेळी विवेकवर्धिनी ही मराठी शाळा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाली आणि तिच्याभोवती मराठी मध्यमवर्ग जमला. केशवराव कोरटकर, वामन नाईक ही त्या काळातली ठळक नावे. बसचा मार्गदर्शक तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजीत बोलतो. आदिलाबादच्या मराठी माणसाला त्याची अडचण पडत नाही. त्याच्या मराठीला वऱ्हाडी वळण आहे, बाजाराचे तेलुगू तो रोज बोलतो आणि दखनी उर्दू तर कचेरीतूनच त्याच्या तोंडी बसलेली.

फेरी हुसेनसागरावर येते तेव्हा संध्याकाळ झालेली असते किंवा गर्दीमुळे ती खिडकीतूनच उरकली जाते. 1560 च्या दशकात बांधलेल्या या तलावात बुद्धाची अखंड दगडाची मूर्ती आहे. 1990 मध्ये ती तराफ्यावरून नेताना पाण्यात गेली, काही माणसे मेली, आणि डिसेंबर 1992 मध्ये ती वर काढून उभी केली. बांधावर तेलुगू थोरांचे पुतळे एन. टी. रामाराव यांच्या काळात, 1986 मध्ये बसवले. त्यांत आदिलाबादचे कोणी नव्हते. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना पडलेला गोंड नेता कोमराम भीम याचा पुतळा 2012 मध्ये आला. आदिलाबादच्या उतारूला सबंध फेरीत आपला जुना जिल्हा इथे एकदा दिसतो, आणि दुसऱ्यांदा हस्तकलेच्या दुकानात, निर्मळच्या लाकडी खेळण्यांच्या फळीवर.

शहरातल्या दुमजली बसही निजामाच्याच काळातल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या बंद पडल्या आणि फेब्रुवारी 2023 मध्ये विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या रूपाने परतल्या. त्याआधी, 2022 मध्ये राज्य परिवहन महामंडळाने स्वतःच ‘हैदराबाद दर्शिनी’ या नावाने शनिवार-रविवारची फेरी काढली. ती अर्ध्या दिवसाची नव्हती, सकाळपासून रात्रीपर्यंतची होती, आणि तिच्यात गोवळकोंड्याबरोबर दुर्गम चेरुवू तलावावरचा केबलचा पूलही होता. डिसेंबर 2023 पासून तेलंगणातील महिलांना पल्लेवेलुगू आणि एक्सप्रेस गाड्यांतून फुकट प्रवास करता येतो. त्यामुळे अशा गाडीने आदिलाबादहून राजधानीला येणाऱ्या बाईचे सडकेचे 300 किलोमीटर बिनपैशाचे झाले आहेत. शहर दाखवणाऱ्या गाडीचे तिकीट मात्र काढावेच लागते.