रिकामा पडदा आणि आमच्या भिंती

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने हप्त्यावर मोठा टी. व्ही. घेतला. त्रेचाळीस इंची. येरवड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या मानाने तो थोराडच दिसतो. हा टी. व्ही. पाहणारे कोणी नसले तरी काळा होऊन बसत नाही. काही मिनिटे गेली की आपल्या आपणच चित्रे दाखवू लागतो. बर्फाचे डोंगर, निळे तळे, कुठल्याशा युरोपियन चित्रकाराचे फुलांचे चित्र. ही चित्रे आमच्यासाठी कोणी निवडली, असा प्रश्न मला पडला. घर म्हणजे काय आणि घरात शोभते काय, हे आधीच कुणीतरी ठरवून यंत्रात भरून पाठवले होते.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने इथे चित्रशाळा छापखाना निघाला. देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची रंगीत शिळाप्रेसची चित्रे तिथे निघत आणि घरोघरच्या भिंतींवर लागत. ज्या हातांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांची टवाळी केली, तेच हात मराठी भिंतीवर काय टांगावे हे ठरवत होते. हा योगायोग आहे असे मी मानत नाही. भिंत हीसुद्धा पाठ्यपुस्तकच असते. आणि ते शाळेत न गेलेलेही वाचतात.

याच सुमारास आमच्या माणसांचे फोटो काढले गेले नव्हते असे नाही. विल्यम जॉन्सनने 1863 ते 1866 च्या दरम्यान मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले. माणसे एका ठिकाणी टिपायची आणि मागे दुसरेच दृश्य जोडायचे, अशी त्याची रीत. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. अशा संग्रहांत सामान्य माणसाच्या फोटोखाली बहुधा त्याचे नाव नसते, असते जात. माणूस नमुना म्हणून उभा. तो फोटो त्याच्या घरी कधी गेला नाही, कारण तो त्याच्यासाठी काढलेलाच नव्हता.

आमच्या घरात पहिला फोटो आला तो लष्करामुळे. महार रेजिमेंट 1941 साली बेळगावात उभी राहिली आणि माझे पणजोबा तीत भरती झाले. लष्कर भागातल्या एका स्टुडिओत त्यांनी गणवेशात फोटो काढून घेतला. पैसे स्वतःचे, उभे राहणे स्वतःचे. डावा हात खुर्चीच्या पाठीवर, पायाला पट्ट्या, नजर सरळ. हे सारे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. फोटो मी पाहिलेला नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले, आणि मुठेकाठच्या आमच्या खोपटासकट तो वाहून गेला. पानशेतच्या पुरावर पुण्यात पुष्कळ लिहिले गेले. बुडालेल्या वाड्यांच्या आठवणी निघाल्या. वस्त्यांतले काय गेले त्याची यादी कोणी करायची?

1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या भिंती एकदा रिकाम्या झाल्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी खंडोबा, लक्ष्मी, गणपती उतरवले. आजी सांगायची, चित्रे निघाली तरी त्यांच्यामागचे पांढरे चौकोन कितीतरी दिवस धुरकटलेल्या भिंतीवर दिसत होते. त्याच चौकोनांवर पुढे बुद्ध आणि बाबासाहेब लागले. चैत्यभूमीवरून, दीक्षाभूमीवरून, पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी चौदा एप्रिलला बसणाऱ्या विक्रेत्यांकडून आणलेली ती चित्रे. ज्या घरात स्वतःच्या माणसाचा एकही फोटो नाही, त्या घरात बाबासाहेबांचा आहे. या गोष्टीला विभूतिपूजा म्हणून मोकळे होणारे विद्वान मला कॉलेजात रोज भेटतात. फोटो काढून घेण्याजोगे आपण आहोत, हे ज्या चेहऱ्याने शिकवले तो चेहरा आधी भिंतीवर लागणार, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. (1987-88 मध्ये रामायण लागले की सबंध टी. व्ही.लाच हार घातला जाई. तेव्हा हे विद्वान काय म्हणत होते, हे पाहण्यासारखे आहे.)

तर त्या डोंगर-तळ्यांना कंटाळून माझ्या पुतणीने फोनमधले घरचे फोटो पडद्यावर चढवले. ती नववीत आहे. बारसे, सहल, माझा पदवीदान समारंभ. त्यांत बाबासाहेबही. दर दहा सेकंदांनी चित्र बदलते. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्याच दिवशी ताडकन उठून बसले.

“बाबासाहेब आले नि गेले. हे काय? भिंतीवरचा फोटो कुठं जात नाही.”

मी त्यांना यंत्राची बाजू सांगितली. जुन्या काचेच्या पडद्यांवर एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे. त्यातूनच पडदा रिकामा असला की हलती चित्रे लावायची पद्धत निघाली. काही नव्या पडद्यांनाही हा धोका आहेच. अण्णा म्हणाले, “म्हणजे टिकून राहिलं की डाग पडतो, असं म्हणतोस?” मला उत्तर सुचले नाही.

मात्र एका फोटोला त्यांनी हरकत घेतली नाही. 1934 सालचा, राजगृहातला. बाबासाहेब, रमाई, यशवंत, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि सोबत कुत्रा. सव्वा वर्षाने रमाई गेल्या. इथे हातात संविधान नाही, उगारलेले बोट नाही. घरच्या माणसांत बसलेला घरचा माणूस आहे. “हा चालंल,” अण्णा म्हणाले, “हा घरातलाच आहे.”

आजीचा एकच फोटो आहे. 1993 साली मतदारांना फोटोची ओळखपत्रे द्यायला सुरुवात झाली. पुढे शाळेच्या पटांगणात रांग लावून तिचाही फोटो निघाला. अंगठ्याच्या नखाएवढा. जॉन्सनच्या नमुन्यांसारखाच हाही सरकारने सरकारसाठी काढलेला, पण फरक आहे. याखाली तिचे नाव आहे, आणि कार्ड तिच्या पेटीत होते. पुतणीने त्याचा फोटो घेऊन पडद्यावर लावला, तेव्हा आजीचा चेहरा ठिपक्या-ठिपक्यांचा झाला. जवळून पाहिले तर काहीच दिसत नाही. दाराशी जाऊन उभे राहिले की आजी दिसते. आई हल्ली दाराशी उभी राहून कांदा चिरते.

पणजोबांची जागा मात्र मोकळीच होती. परवा पुतणीने वहीच्या कागदावर पेन्सिलीने त्यांचे चित्र काढले. अण्णा सांगत होते, तेही आजीकडून ऐकलेलेच. पूर आला तेव्हा ते तीन वर्षांचे होते. डावा हात खुर्चीवर, पायाला पट्ट्या. चित्र पडद्यावर आले. अण्णांनी चष्मा लावून दहा सेकंद पाहिले, ते गेल्यावर पुन्हा येईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, “टोपी अशी नव्हती. वाकडी घालायचे.”

ती खोडरबर शोधू लागली.