नोकरभरती : गुणवत्ता, कार्यक्षमता आणि आरक्षण

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. अधिक गुण मिळवूनही खुल्या प्रवर्गातील उमेदवार बाहेर राहतो आणि कमी गुणांचा राखीव प्रवर्गातील उमेदवार निवडला जातो, यात गुणवत्तेवर अन्याय होत नाही काय? या वादाची मुळे जुनी आहेत. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, तेथपर्यंत ती जातात.

घटनेची भूमिका

राज्यघटनेच्या कलम १६(४) नुसार, सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागास नागरिकवर्गांसाठी शासन पदे राखून ठेवू शकते. कलम ३३५ अनुसूचित जाती-जमातींच्या हक्कमागण्या विचारात घेण्यास सांगते, मात्र प्रशासनाची कार्यक्षमता राखण्याशी सुसंगत राहून. या कलमात 'गुणवत्ता' हा शब्द नाही. 'कार्यक्षमता' हा आहे. गुणवत्ता उमेदवाराची मोजली जाते, कार्यक्षमता संस्थेची. पुढील साऱ्या वादाचे सार या फरकात आहे. संविधान सभेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संधीची समानता हे तत्त्व अबाधित राहण्यासाठी राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात, असे स्पष्ट केले होते.

निवड कशी होते?

आरक्षण म्हणजे परीक्षेविना नोकरी, हा समज चुकीचा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत सर्व प्रवर्गांना प्रश्नपत्रिका आणि मुलाखतीचे गुण सारखेच असतात. सवलत असते ती वयोमर्यादा, प्रयत्नांची संख्या आणि पात्रतेची गुणरेषा यांत. खुल्या प्रवर्गास सहा आणि इतर मागासवर्गास नऊ प्रयत्न मिळतात. अनुसूचित जाती-जमातींना वयोमर्यादेपर्यंत प्रयत्नांचे बंधन नाही. कोणतीही सवलत न घेता सर्वसाधारण गुणरेषा ओलांडणारा मागासवर्गीय उमेदवार खुल्या जागेवर गणला जातो. म्हणजे खुल्या जागा या एखाद्या जातिसमूहासाठी राखलेल्या नाहीत.

न्यायालयाने आखलेल्या मर्यादा

मंडल आयोगाच्या शिफारशींवरील इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यांच्या घटनापीठाने १६ नोव्हेंबर १९९२ रोजी २७ टक्के आरक्षण वैध ठरविले. पण ५० टक्क्यांची मर्यादा आणि इतर मागासवर्गांसाठी 'क्रीमी लेयर'ची अट घातली. काही पदांवर आरक्षण इष्ट नसल्याचेही न्यायालयाने सुचविले. संरक्षण दलांतील पदे, अणुऊर्जा व अवकाश संशोधनातील तांत्रिक पदे, प्राध्यापक व त्यावरील अध्यापकपदे, वैद्यक व अभियांत्रिकीतील अतिविशेष शाखांची पदे आणि वैमानिक यांचा त्यात उल्लेख होता. अंतिम निर्णय मात्र शासनावर सोपविण्यात आला.

याच निकालाने पदोन्नतीतील आरक्षण अमान्य केले. त्यावर संसदेने १९९५ मध्ये ७७ वी घटनादुरुस्ती करून अनुसूचित जाती-जमातींसाठी ते पुन्हा शक्य केले. २००० मधील ८२ व्या दुरुस्तीने पदोन्नतीसाठी पात्रतागुण शिथिल करण्याची मुभा कलम ३३५ मध्येच जोडली. एम. नागराज खटल्यात (२००६) न्यायालयाने मागासलेपण, अपुरे प्रतिनिधित्व आणि प्रशासकीय कार्यक्षमता या तिन्ही कसोट्या शासनाने पाहाव्यात, असे सांगितले. यापैकी अनुसूचित जाती-जमातींच्या मागासलेपणाची आकडेवारी गोळा करण्याची अट जर्नेल सिंग निकालाने (२०१८) काढून टाकली. पुढे बी. के. पवित्रा खटल्यात (२०१९) न्यायालयाने कार्यक्षमतेचा अर्थच व्यापक केला : समाजातील विविध घटकांना सामावून घेणे हाही कार्यक्षम प्रशासनाचा भाग आहे.

आकडे काय सांगतात?

आरक्षणाने कार्यक्षमता घटते, हे विधान तपासण्याजोगे आहे. आणि ते तपासले गेलेही आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी १९८० ते २००२ या काळातील आठ रेल्वे झोनची आकडेवारी अभ्यासली. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट 'अ' आणि 'ब' या वरिष्ठ श्रेणींत हे प्रमाण अधिक असताना काही गणितांत परिणाम अनुकूल दिसला. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो एका खात्यापुरता आहे, त्यात इतर मागासवर्गांचा विचार नाही आणि त्यावरून शल्यविशारद वा वैमानिक यांच्याविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु 'गुण कमी म्हणजे काम कमी' हे समीकरण गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

दुसरा अभ्यास खासगी क्षेत्राचा. तेथे आरक्षण नाही. तेव्हा निवड केवळ गुणवत्तेवर होत असावी, अशी अपेक्षा असते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लिम नावाला एकतृतीयांश आढळली. येथे उमेदवाराची परीक्षा झालीच नव्हती. आडनावापाशीच निवड थांबली होती.

उरलेले प्रश्न

यातून आरक्षणाविषयीचे सारेच आक्षेप निकाली निघत नाहीत. लाभ त्याच कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या जातो का, हा प्रश्न गंभीर आहे. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा देणारा १ ऑगस्ट २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच दिशेने पाहतो. थोड्या गुणांनी संधी हुकलेल्या उमेदवाराची व्यथाही खोटी नाही. जागा थोड्या आणि इच्छुक लाखो असताना ती प्रत्येक प्रवर्गात असते. मात्र लेखी परीक्षेतील गुण हा गुणवत्तेचा एक अंश आहे. ते गुण कोणत्या शाळेतून, किती शिकवण्या घेऊन आणि घरातील कितव्या शिकलेल्या पिढीने मिळविले, हे गुणपत्रिकेवर नोंदलेले नसते.