घोडेगाव शोधताना : ‘जवळपास तेच’ ओळखणाऱ्या साधनांचा इतिहास

१/ अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, नेवासा तालुक्यात घोडेगाव लागते. जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी ते ओळखले जाते. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय असलेले गावही घोडेगावच. जुन्या लेखनात हेच नाव ‘घोडेगांव’ असे आढळते आणि रोमन लिपीत कधी ‘एच’सह, कधी त्याविना. हजारो ओळींच्या यादीतून नेमके हवे ते घोडेगाव संगणकाने कसे काढावे? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२/ कमांड लाइनवर काम करणाऱ्यांच्या हाती आज ‘फझी फाइंडर’ नावाची साधने आहेत : एफझेडएफ, एफझेडवाय, स्किम. त्यांच्याकडे एखादी यादी सोपवावी, चार अक्षरे टंकावीत. प्रत्येक अक्षरागणिक यादी आटत जाते आणि उरलेल्यांतून माणूस एक ओळ निवडतो. या साधनांची तुलना बहुधा वेगावर होते. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : शोधणाऱ्याकडून कोणती उणीव राहणार, असे साधन गृहीत धरते? या गृहीतावरून त्यांची दोन घराणी पडतात.

३/ पहिले घराणे चूक गृहीत धरते. त्याचा आरंभ संगणकाआधीचा आहे. १९१८ साली अमेरिकेतील पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांना आडनावे उच्चारानुसार लावण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. ‘साउंडेक्स’ ती हीच. तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या ध्वनीच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. एक अक्षर आणि तीन अंक मिळून नावाचा संकेत बनतो. लेखन वेगळे असले तरी संकेत जुळला की कार्डे एकाच कप्प्यात पडतात.

४/ १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि असंख्य वृद्धांना वयाचा पुरावा देण्याची वेळ आली. अनेकांकडे जन्मदाखला नव्हता. नाव जुन्या जनगणनेत होते, पण गणकाने ते कानाला जसे आले तसे लिहिलेले. म्हणून जुन्या जनगणनांच्या साउंडेक्स सूची तयार करण्यात आल्या. सूची योग्य पानापर्यंत नेई. वय सिद्ध होई ते त्या पानावरील नोंदीने. हा भेद पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

५/ साउंडेक्सला नेवासा तालुक्यात आणून पाहावे. रोमन लिपीतील ‘घोडेगाव’चा संकेत येतो जी-३२५. ‘एच’ गाळला तरी तोच. इथपर्यंत ठीक. पण तालुक्याच्या नावाशी गाठ पडताच पद्धत अडखळते. नेवासा व्ही वापरून लिहिले तर संकेत एन-१२०, डब्ल्यू वापरून लिहिले तर एन-२००. कारण अमेरिकी नियमात डब्ल्यूला अंकच नाही. मराठी कानाला ‘व’ एकच आहे. पद्धत ध्वनीची म्हटली तरी तो ध्वनी इंग्रजी कानाचा होता.

६/ यानंतर चुकीकडे ध्वनीऐवजी लेखनाच्या अंगाने पाहिले गेले. १९६४ साली फ्रेड डॅमरो यांनी दाखवले की तपासलेल्या चुकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारांतील एकेका चुकीने घडतात : अक्षर बदलणे, गळणे, जास्तीचे पडणे किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. १९६५ साली सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हनश्टाइन यांनी संदेशवहनातील चुकांचा विचार करताना ‘अंतर’ मांडले : एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती बदल लागतात, ती संख्या.

७/ हे अंतर कमांड लाइनवर आणले ‘एग्रेप’ने. युनिक्समध्ये १९७३ पासून केन थॉम्प्सन यांचे ‘ग्रेप’ होते. ते दिलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळणाऱ्या ओळी काढते. ॲरिझोना विद्यापीठातील सुन वू आणि उदी मॅनबर यांनी १९९१ च्या सुमारास त्याला सहनशीलता दिली : एक चूक चालेल, दोन चालतील, असे वापरणाऱ्यानेच सांगायचे.

८/ ‘घोडेगाव’ आणि ‘घोडेगांव’ यांत एका अनुस्वाराचे अंतर. एक चूक माफ केली की दोन्ही सापडतात; काय टंकले आणि यादीत काय आहे, याने फरक पडत नाही. पण माफी वाढवली की धोकाही वाढतो. रोमन लिपीत ‘घोडेगाव’चा एच गळाला आणि डीच्या जागी आर आला की मुंबईचे गोरेगाव तयार होते. अंतर फक्त दोन.

९/ आणखी एक अडचण लिपीची. मूळ एग्रेप बाइट मोजतो आणि यूटीएफ-८ ही संकेतपद्धती त्याच्यानंतर, १९९२ साली आली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे माणसाच्या लेखी एक अनुस्वार गळाला, तर यंत्राच्या लेखी तीन चुका झाल्या.

१०/ दुसरे घराणे प्रोग्रामरांच्या संपादकांत वाढले. २००४ साली आलेल्या ‘टेक्स्टमेट’ या संपादकात फाइलच्या नावातील मोजकी अक्षरे टंकून फाइल उघडण्याची सोय रुजली आणि पुढे ती इतर संपादकांत पसरली. येथील गृहीत निराळे आहे : वापरणारा चुकत नाही, तो आळस करतो. तो अक्षरे गाळेल, पण जी टंकेल ती बरोबर आणि क्रमाने टंकेल. नियम एवढाच, की टंकलेली अक्षरे नावात त्याच क्रमाने आली पाहिजेत. मध्ये कितीही जागा सुटली तरी चालेल.

११/ २०१३ साली गॅरी बर्नहार्ट यांचे ‘सेलेक्टा’ आणि जुनेगुन चोई यांचे ‘एफझेडएफ’ या दोन्हींनी ही सोय संपादकाबाहेर, कोणत्याही यादीसाठी खुली केली. एफझेडएफ आधी रूबी भाषेत होते. २०१५ मध्ये ते गो भाषेत नव्याने लिहिले गेले. जॉन हॉथॉर्न यांचे ‘एफझेडवाय’ सी भाषेतले, आटोपशीर, क्रमवारीवर भर देणारे. ‘स्किम’ रस्ट भाषेतले. वळण एफझेडएफचे, शिवाय इतर रस्ट प्रोग्रामांत ग्रंथालय म्हणून वापरता येणारे.

१२/ देवनागरीशी या घराण्याचे अनपेक्षित सख्य आहे. युनिकोडमध्ये मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असते. त्यामुळे एफझेडएफमध्ये नुसते ‘घडगव’ टंकले तरी ‘घोडेगाव’ जुळते. गाळलेल्या मात्रा म्हणजे केवळ सुटलेली जागा. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद लेखनात केला जात नसे आणि वाचणारा संदर्भाने तो भरून काढी. लेखनातील कमतरता वाचकाने भरायची, ही सवय महाराष्ट्राच्या दप्तरांना नवी नाही. अर्थात फार गाळले तर ‘घगव’ला संगमनेर तालुक्यातील घारगावही जुळते.

१३/ पण हे सख्य एकाच दिशेचे आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि ‘गांव’चे ‘गाव’ झाले. आजच्या लेखनाने ‘घोडेगाव’ टंकून जुन्या यादीत शोधले, तर ‘घोडेगांव’ सापडते. जुन्या वळणाने ‘घोडेगांव’ टंकून आजच्या यादीत शोधले, तर काहीच हाती येत नाही. टंकलेला अनुस्वार यादीत नसतो. एग्रेपला दोन्ही दिशा सारख्या, एफझेडएफला नाहीत. दोन घराण्यांतील फरक या एका टिंबात दिसतो.

१४/ जुळले ते वर कोणत्या क्रमाने दाखवायचे? एफझेडएफच्या आजच्या पद्धतीचा पाया टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी १९८१ साली जैविक रेणूंच्या साखळ्या ताडून पाहण्यासाठी मांडलेल्या रीतीत आहे. जुळलेल्या प्रत्येक अक्षराला १६ गुण. मध्ये खंड पडला की ३ गुण वजा, तो लांबला की दर अक्षरामागे आणखी १ वजा. शब्दाच्या आरंभी जुळले तर जादा गुण. मोठ्या लिपीतील अक्षरावरून नवा शब्द ओळखण्याची सोयही आहे. पण देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्याने ती येथे निरुपयोगी.

१५/ आता खरी कसोटी. यादीत दोन ओळी आहेत : ‘घोडेगाव, नेवासा, अहिल्यानगर’ आणि ‘घोडेगाव, आंबेगाव, पुणे’. ‘घोडेगाव’ टंकले की दोघींना समान गुण. बरोबरी झाली की एफझेडएफ एरवी आखूड ओळ वर ठेवते. म्हणून पुणे जिल्ह्यातील घोडेगाव पहिले येते, कारण ‘पुणे’ हा शब्द लहान आहे. घाईने एंटर दाबणाऱ्याला यादीने काहीही खोटे सांगितलेले नसते. तरी तो भलत्याच जिल्ह्यात पोहोचतो. एफझेडएफ आणि स्किममध्ये ‘घोडेगाव नेवास’ असे दोन तुकडे जागा सोडून देता येतात आणि ते कोणत्याही क्रमाने चालतात. एफझेडवायने साधेपणासाठी ही वाक्यरचना ठेवलेली नाही.

१६/ नामांतराची गंमत याहून वेगळी. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ‘अहनगर’ टंकले तर अक्षरांच्या योगायोगाने दोन्ही नावे जुळतात. लेव्हनश्टाइनच्या मापाने मात्र त्यांत पाच बदलांचे अंतर आहे. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यात तर कोणतेच साधन पूल बांधू शकत नाही. तेथे अक्षरांची जवळीक संपते आणि दोन्ही नावे शेजारी लिहिलेला साधा तक्ताच कामी येतो.

१७/ नावाच्या शोधावर माणसांचे हक्क टांगलेले असतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा मोडी जाणणाऱ्या वाचकांना बोलवावे लागले. टंकलिखित यादीच नसेल, तर फझी फाइंडरला पुढे सरकता येत नाही. आणि सातबाऱ्यावरील नाव चुकले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची वाट आहे. तेथे निर्णय अधिकाऱ्याचा आणि आधार कागदाचा.

१८/ म्हणून तुलनेचा निष्कर्ष वेगात शोधू नये. फाइलचे नाव आपणच दिलेले असते, त्यामुळे ते आठवत असते. तेथे एफझेडएफ, एफझेडवाय, स्किम यांतील कोणतेही चालेल आणि दोन तुकडे लागत असतील तर पहिले किंवा तिसरे. नाव दुसऱ्याने, दुसऱ्या काळात, दुसऱ्या वळणाने लिहिलेले असेल, तर चूक गृहीत धरणारे घराणे हवे. दोन्ही घराणी अमेरिकी जनगणनेच्या त्या सूचीइतकेच करतात : पानापर्यंत नेतात. दोन घोडेगावांपैकी आपले कोणते, हे पुढे तालुक्याचे नाव वाचूनच ठरते.