रिकाम्या हातांचा वकील

वकील म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे कोर्टातला काळा डगला येतो. पेशवाईत या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका दरबारातर्फे दुसऱ्या दरबारी राहणारा प्रतिनिधी, तो वकील. हा माणूस म्हणजे गोड बोलणारा हेर, असा संशय त्याच्यावर असे. बातम्या जमवून आपल्या धन्यास कळविणे हे त्याचे कामच असल्यामुळे तो संशय अगदीच निराधार होता, असेही म्हणता येत नाही.

निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे हे मराठ्यांचे वकील होते. चौथाईच्या थकबाकीचे बोलणे पुष्कळ झाले, पण निकाल लागला तो १७९५ साली, खर्ड्याच्या रणांगणावर. वकिलाच्या शब्दाला वजन येते ते मागे उभ्या असलेल्या फौजेमुळे.

मग ज्याच्या मागे फौजच नाही, अशा वकिलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर रंगो बापूजी गुप्ते यांच्या चरित्रात सापडते.

१८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कटाचा आरोप ठेवून पदच्युत केले व काशीस पाठविले. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले. दाद मागायची कोणापुढे? ज्या कंपनीने राज्य काढून घेतले तिच्याच संचालकांपुढे आणि भागधारकांच्या सभेपुढे! प्रतिवादी तोच न्यायाधीश. तरी त्यांनी इंग्रजीत पत्रके छापली. गुलामगिरीविरुद्ध लढणारे जॉर्ज थॉम्सन, पार्लमेंटातले जोसेफ ह्यूम अशी माणसे आपल्या बाजूला वळविली. १८४७ साली प्रतापसिंह वारले. १८४८ साली डलहौसीने सातारा खालसा केला. धनी गेला, राज्य गेले. पण वकील १८५३ पर्यंत लंडनमध्येच दाद मागत राहिला.

मी आयुष्यभर कामगारांच्या वतीने मालकांपुढे बसत आलो. संप मोडल्यावर बोलणी करण्याचे प्रसंगही आले. अशा वेळी समोरचा माणूस आपला मुद्दा ऐकत नसतो. हा किती दिवस टिकेल, एवढेच तो जोखीत असतो. म्हणून रंगो बापूजींच्या त्या वर्षांची किंमत मला कळते.

त्यांना यश आले नाही, हे खरे. परत आल्यावर त्यांनी दुसरा मार्ग धरला. १८५७ साली साताऱ्यातील उठावाचा बेत फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

वकिलाची पारख आपण तहाच्या कलमांवरून करतो. ते सोपे आहे. पण हरलेल्या पक्षाचीही बाजू कोणीतरी मांडावी लागते, आणि ती मांडणाऱ्याच्या हाती बहुधा कलम लागत नाही. सज्जनहो, अशा माणसाला अयशस्वी म्हणण्यापूर्वी, त्याच्या मागे आपण किती जण उभे होतो, हे आधी मोजावे.