मतदारसंघ पुनर्रचना आणि राखीव जागा (मावळ)

मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखताना अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधित्व राखण्याची व्यवस्था. सोमाटण्याजवळच्या परंदवडीतील मतदार एकाच वेळी ग्रामपंचायतीच्या प्रभागात, पंचायत समितीच्या गणात, जिल्हा परिषदेच्या गटात, मावळ विधानसभेत आणि मावळ लोकसभेत असतो. आरक्षणाचा हिशेब प्रत्येक पातळीवर निराळा होतो.

या व्यवस्थेचा पाया पुण्यातच घातला गेला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात झालेल्या पुणे कराराने अस्पृश्यवर्गाचे स्वतंत्र मतदारसंघ रद्द झाले आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. उमेदवार राखीव वर्गाचा, मतदार मात्र सगळे. या रचनेचा फटका खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बसला: पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागा नारायण काजरोळकरांनी जिंकली. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ मोडीत निघाले. तेव्हापासून रेघ कुठून जाते, यावर राखीव जागेतला मतदार ठरतो.

सध्याच्या सीमा न्या. कुलदीप सिंग आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून आखल्या. त्या २००८ मध्ये लागू झाल्या. महाराष्ट्राच्या २८८ विधानसभा जागांपैकी अनुसूचित जातींना २९ आणि जमातींना २५ जागा मिळाल्या. कायद्याने दोघांना वेगळे निकष लावले आहेत. जमातींची जागा शक्यतो त्यांचे प्रमाण सर्वाधिक असेल तिथे द्यायची. जातींच्या जागा मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत विभागून, शक्यतो प्रमाण जास्त असेल तिथे. म्हणून पुणे जिल्ह्यात पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट जातींसाठी राखीव झाले. जमातींसाठी जिल्ह्यात एकही विधानसभा जागा नाही.

मावळचे दुखणे इथे आहे. आंदर मावळ, नाणे मावळात ठाकर, कातकरी, महादेव कोळी राहतात. घाटाखाली कर्जतमध्येही ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. २००८ मध्ये तयार झालेल्या मावळ लोकसभेत पनवेल, कर्जत, उरण, मावळ, चिंचवड व पिंपरी एकत्र आले, म्हणजे घाटाच्या दोन्ही अंगांचे आदिवासी एका मतदारसंघात आले, पण शहरी मतदारांच्या गर्दीत. त्यांना कुणी मुद्दाम फोडले असे म्हणता येणार नाही. विखुरलेल्या वाड्यांना सर्वाधिक प्रमाणाचा निकष मुळातच लागू पडत नाही, आणि कातकऱ्यांसारख्या असुरक्षित आदिवासी गटाला त्याची झळ अधिक बसते.

अमेरिकेत राखीव जागा नसतात. तिथे १९६५ च्या मतदान हक्क कायद्याखाली वाद होतो तो कृष्णवर्णीय वस्त्या फोडल्या का, याचा, आणि तो न्यायालयात लढता येतो. आपल्याकडे अनुच्छेद ३२९ आणि मेघराज कोठारी खटल्यातील निकालामुळे पुनर्रचना आयोगाच्या अंतिम आदेशाविरुद्ध दाद मागण्याची वाट अतिशय अरुंद आहे. म्हणून हरकती मसुद्याच्या वेळीच घ्याव्या लागतात.

आदिवासींना खरी संधी आहे ती खालच्या पातळीवर. ग्रामपंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना अनुच्छेद २४३ घ नुसार लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात. प्रभाग पाडताना वस्ती शक्यतो एकसंध ठेवायची, हा नियम कागदावर साधा दिसतो. पण वाडी दोन प्रभागांत गेली तर दोन्हीकडे तिचे प्रमाण घटते. राखीव जागा चक्रानुक्रमे फिरतात, त्यामुळे कामाला लागलेल्या सदस्याचा प्रभाग पुढच्या खेपेला त्याच्यासाठी राखीव राहीलच असे नाही. शिवाय अलीकडच्या प्रभागरचनांना आधार २०११ च्या जनगणनेचा. सोमाटणे-तळेगाव पट्ट्यात त्यानंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्या त्या आकड्यांत नाहीत.