प्रीतीची आज्ञा आणि मजुरीचा हिशेब

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात यात्रा भरते. मुंबई, वसई, गोवा, नगर अशा चहूकडून कॅथलिक येतात आणि त्यांच्या रांगेत नवस फेडायला आलेली हिंदू कुटुंबेही तितक्याच भक्तीने उभी असतात. दिंडोरी-निफाडकडे तोच काळ द्राक्षकाढणीचा. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून आलेल्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या तेव्हा बागांमध्ये घड उतरवत असतात. रांगेतल्या भक्ताचा आणि बागेतल्या त्या मजुराचा संबंध काय, हा प्रश्न यात्रेत कोणी विचारत नाही. कॅथलिक नीतिविचाराचा गाभा मात्र माझ्या मते याच प्रश्नात आहे. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती या दोन आज्ञा एकमेकींशी कशा जोडल्या आहेत हे नीट कळले, तरच भक्तीला आणि सेवेला आपापली जागा सापडते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री येशूला सर्वांत पहिली आज्ञा कोणती असे विचारतो. त्याने मागितली एक, येशूने दिल्या दोन. पहिली जुन्या करारातल्या 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली, जी प्रत्येक यहुदी सकाळ-संध्याकाळ म्हणत असे: देव एकच आहे आणि त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करायची. दुसरी लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. प्रवचनांत ही दुसरी आज्ञा नेहमी एकटीच उचलली जाते. ती जिथून घेतली तो अध्याय उघडून पाहिला, तर तिच्या आजूबाजूला फार रोकडे व्यवहार सापडतात. शेताच्या कडेचे पीक कापू नये, द्राक्षमळा निपटून काढू नये, खाली पडलेली द्राक्षे गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. अध्यायाच्या शेवटी वजनमापे खरी असावीत असेही बजावले आहे. शेजाऱ्यावर प्रीतीची आज्ञा या सगळ्याच्या मधोमध येते. ती मुळात भावनेची आज्ञाच नाही. शेत, मळा, मजुरी आणि तराजू हे तिचे मूळ क्षेत्र आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला दूरच्या उदाहरणाची गरज पडू नये.

ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षवेलीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहे. हातात बोळा घेऊन वेलीच्या एकेका डोळ्याला ते चोपडणारी बाई बहुधा मुकादमाच्या टोळीतून आलेली असते. तिच्या कुटुंबाने पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि काम एकरी ठरलेले असते. तिला हातमोजे मिळाले का, ते फाटल्यावर दुसरे मिळाले का, उचल वळती करताना हिशेब तिला वाचून दाखवला का, हे प्रश्न लेवीय ग्रंथाच्या त्या अध्यायाच्या भाषेतलेच आहेत. बागायतदार ख्रिस्ती आहे की नाही याने त्यांत फरक पडत नाही. तो ख्रिस्ती असेल, तर मात्र त्याच्या प्रार्थनेची कसोटी इथे लागते.

आता तात्त्विक बाजू. शेजाऱ्यावरची प्रीती ही देवावरच्या प्रीतीची निव्वळ पायरी मानली, तर शेजारी साधन होतो. गरीब माणूस म्हणजे दात्याच्या पुण्याचा कच्चा माल ठरतो. उलट, देवावरची प्रीती म्हणजे माणसावरच्या प्रीतीचेच दुसरे नाव मानले, तर मिस्सा, प्रार्थना, मौन, उपवास हे सारे जास्तीचे ठरते आणि धर्मग्राम हळूहळू एक समाजसेवी मंडळ बनतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात यावर जे उत्तर दिले, त्याहून नेमके उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्यांच्या मते ज्या कृतीने आपण देवावर प्रीती करतो, त्याच जातीच्या कृतीने शेजाऱ्यावरही करतो. कारण शेजाऱ्याच्या ठायी आपल्याला जे हवे असते ते हेच, की तो देवात असावा, देवाच्या भल्यात त्याला वाटा मिळावा. शेजारी इथे साधन होत नाही, कारण आपण त्याचेच परम कल्याण इच्छितो. देवही बाजूला पडत नाही, कारण ते कल्याण देवच आहे. प्रीतीचे विषय दोन असले तरी प्रीती एकच.

या एकत्वाचा एक व्यावहारिक परिणाम अविलाच्या संत तेरेजा यांनी ओळखला होता. आपण देवावर खरोखर प्रीती करतो की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. मनाला वाटणारी गोडी फसवी असू शकते. शेजाऱ्यावर करतो की नाही हे मात्र बरेचसे कळते. तेरेजा चिंतनाच्या, मौनाच्या, मठातल्या स्त्री होत्या. त्यांनीच हे लिहिले याला मी फार महत्त्व देतो. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्यायही हीच कसोटी लावतो: डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याची न दिसणाऱ्या देवावरची प्रीती खरी कशी मानायची?

पण शेजारी कोण? सगळेच शेजारी म्हटले तर कोणीच उरत नाही, ही अडचण खरी आहे. अक्वायनस म्हणूनच प्रीतीचा क्रम सांगतात: आईवडील, घरचे, गावचे यांचा आपल्यावर अधिक हक्क. 2025च्या सुरुवातीला अमेरिकेत स्थलांतरितांच्या वादात याच क्रमाचा आधार घेतला गेला. आधी आपले, मग परके असा युक्तिवाद झाला. 10 फेब्रुवारी 2025 रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथल्या बिशपांना पत्र लिहून चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांताकडे बोट दाखवले आणि प्रीतीचा खरा क्रम त्यातून शिकावा असे सांगितले. मला पोपचे म्हणणे अक्वायनसांच्या विरोधात जाणारे वाटत नाही. क्रम सांगणाऱ्या अक्वायनसांनीच पुढे म्हटले आहे, की परका माणूस टोकाच्या संकटात असेल आणि बापावर तशी वेळ आलेली नसेल, तर आधी परक्याला हात द्यावा. म्हणजे नात्याची जवळीक आणि गरजेची निकड अशी दोन मापे आहेत. जीवन-मरणाचा प्रश्न आला की दुसरे माप वरचढ ठरते.

त्या दृष्टांतातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. शोमरोनी वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, हे सर्वांना आठवते. पण दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, वर जो खर्च होईल तो परतताना भरून देईन असे सांगतो, आणि आपल्या वाटेला लागतो. मत्तयाच्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात एक दिनार ही एका दिवसाची मजुरी आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी त्याने आगाऊ मोजली. इथे कळवळ्याला व्यवस्थेची जोड मिळते: पैसा ठरतो, जबाबदारी दुसऱ्याच्या हाती जाते, परत येण्याचा शब्द दिला जातो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या 25 डिसेंबर 2005च्या 'देऊस कारितास एस्त' या परिपत्रात सेवाकार्य हे वचन आणि संस्कार यांच्या बरोबरीने चर्चच्या स्वरूपाचाच भाग मानले आहे, ते याच अर्थाने. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी हे त्याचे साधेसुधे उदाहरण आहे. तिचे सभासद मदत घेऊन स्वतः गरिबाच्या घरी जातात, त्याच्यापाशी बसतात आणि पुन्हा जातात.

आपल्याकडचे सर्वांत समर्थ उदाहरण मात्र पाण्याचे आहे. 1987 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला नाशिक धर्मप्रांत नाशिकपुरता नाही. खानदेश आणि नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हाही त्यातच येतो. त्याच नगर भागात स्विस जेज्वीट फादर हर्मन बाखर यांनी हयात घालवली. 1948मध्ये ते भारतात आले. नगरच्या सोशल सेंटरमधून, पुढे भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आणि 1993मध्ये उभ्या राहिलेल्या 'वॉटर' या संस्थेतून त्यांचे काम गावोगाव पोचले. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी उन्हाळ्यात टँकरवर जगत असे. 1996च्या सुमारास तिथे पाणलोटाचे काम सुरू झाले.

या कामाची पद्धत जवळून पाहिली, तर तिच्यात धर्मशास्त्र दिसते. पहिला नियम माथा ते पायथा. डोंगरमाथ्यावर आधी समतल चर खोदायचे, मग उतारावर दगडी बांध घालायचे, नाला अडवायचा सर्वांत शेवटी. माथ्याची जमीन बहुधा निकस असते आणि गरिबांच्या वाट्याला आलेली असते. पाणी साठते ते खाली, सुस्थितीतल्या शेतकऱ्याच्या विहिरीत. नाल्यापासून सुरुवात केली तर लाभ लवकर दिसतो, पण गाळ भरून बांध निकामी होतो आणि वरच्याला काहीच मिळत नाही. दुसरी अट गावाने स्वतःवर घालून घ्यायची: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. आणि प्रीतीची खरी परीक्षा इथेच होते. चराईबंदीचा भार गावावर सारखा पडत नाही. ज्याला जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याचा चारा आज बंद होतो. पाणी वाढल्याचा लाभ मात्र ज्याला विहीर आहे त्याला, तोही दोन-चार वर्षांनी. हा प्रश्न ग्रामसभेत मांडायचा, कुरणे टप्प्याटप्प्याने बंद करायची, भूमिहीनाला कामावर पहिला हक्क द्यायचा, महिलांचे बचतगट उभे करायचे. हे सारे करताना कोणी बायबलचे वचन म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही. पाणलोटाची हद्द जातीने किंवा बाप्तिस्म्याने ठरत नाही, ती उताराने ठरते. त्यामुळे हे काम करायचे तर सगळ्या गावाचे करावे लागते, किंवा होतच नाही. एका धर्मगुरूने हे काम आयुष्यभराचे व्रत मानले याचे मला मनापासून अप्रूप आहे.

अशा कामाला मिस्सेची काय गरज, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे. सेवा करणारा माणूस काही वर्षांनी थकतो, किंवा गावाचा मालक होऊन बसतो. ज्याची सेवा तो करतो ती माणसे कृतघ्न निघतात, आपापसांत भांडतात, निवडणुकीत फुटतात. त्यांच्यावर प्रीती टिकवायला त्यांच्या चांगुलपणाहून मोठे कारण लागते. ज्याने आपल्यावर आधी प्रीती केली त्याच्याकडे रोज परत जाणे, आपणही मागणारेच आहोत हे वेदीपुढे मान्य करणे, यातून ते कारण मिळते. म्हणूनच बाळ येशूच्या रांगेला किंवा 1949पासून भरणाऱ्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. त्या रांगेत जमीनदार आणि मजूर एकामागे एक उभे राहतात आणि दोघेही काहीतरी मागत असतात.

रांगेतली ही बरोबरी रांगेबाहेर टिकते का, हा कठीण भाग. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा हे प्रभुभोजनच नव्हे असे संत पौलाने त्यांना ठणकावले. भारतीय चर्चला हे पत्र अजून लागू आहे. तामिळनाडूत काही ठिकाणी कॅथलिक दफनभूमीतही जातीची भिंत राहिली. डिसेंबर 2016मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये भेदभाव आहे याची कबुली आहे. नगर-नाशिक पट्ट्यातला बहुतेक ख्रिस्ती समाज पूर्वाश्रमीच्या महार-मांग कुटुंबांतला आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, आणि ही तक्रार चर्च सरकारदरबारी वर्षानुवर्षे मांडते आहे. ती न्याय्य आहे. पण सोयरीक जुळवताना आडनाव आणि मूळ गाव विचारणारे कॅथलिक घर त्याच आदेशाची घरगुती आवृत्ती चालवत असते, आणि ती मागे घ्यायला दिल्लीला जावे लागत नाही.

यातून पापनिवेदनाची तयारी कशी करावी, हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडच्या तयारीत रविवारची मिस्सा चुकली का, प्रार्थना राहिली का, अपशब्द गेला का, हे प्रश्न हमखास असतात आणि ते असलेच पाहिजेत. पण कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांची जी जुनी यादी दिली आहे, तिच्यात हाबेलच्या रक्ताबरोबर मजुराच्या बुडवलेल्या मजुरीचाही समावेश आहे. खुनाच्या शेजारी मजुरी! धर्मग्रामात बागायतदार असतील, ठेकेदार असतील, घरी भांडी-धुण्याला बाई ठेवणारे तर बहुतेक सगळेच असतील. तिच्या आजारपणातल्या रजेचे पैसे कापले का, दिवाळीला गावी गेली म्हणून दुसरी बाई लावली का, छाटणीचे पैसे बेदाणा विकेपर्यंत अडकवले का, हे प्रश्न ईस्टरपूर्व उपवासकाळात तयारीच्या त्या प्रश्नांत छापून दिले पाहिजेत. उत्तर 'हो' असेल तर दहा नमो मरिया म्हणून ते मिटत नाही. बुडवलेले परत करणे हा न्यायाचाच भाग आहे, असे चर्चची शिकवण सांगते. यरिहोच्या जक्कयाने येशूचे घरी स्वागत केले आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याचा शब्द दिला. आज या घरी तारण आले असे येशू म्हणाला, ते हा शब्द ऐकल्यावर.